शिकार दुसऱ्याची

सुरत-भुसावळ लोहमार्गावर नंदुरबार आणि नवापूर यांच्या मधे चिंचपाडा लागतं. तापीकाठची काळी, सपाट शेतं इथवर येता येता मागे पडलेली असतात आणि डोंगर सुरू झालेले असतात. दक्षिणेला हे डोंगर डांगच्या सागवानी जंगलाला जाऊन मिळतात. उत्तरेला, तापी ओलांडली की सातपुडा. मावची आणि कोकणी बोलणाऱ्या पाड्यांचा हा मुलूख. सकाळी गुरं रानात सोडायची, संध्याकाळी मोजून आत घ्यायची आणि एखादं कमी भरलं तर दुसऱ्या दिवशी शोधायला निघायचं. असा शोधायला निघालेला गुराखी रानात पाऊल टाकण्याआधी मान वर करून आभाळ बघायचा. गिधाडं घिरट्या घालत असली तर गुरू कुठे पडलंय ते कळायचं आणि ती कुठल्या टेकाडामागे उतरतायत हे पाहिलं की वाटही कळायची.

आता त्या आभाळात घारी दिसतात. गिधाड दिसलं तर त्याची बातमी होते.

गिधाडं का गेली, याचं उत्तर आज शाळकरी मुलंही देतात: डायक्लोफिनॅक. ते उत्तर बरोबर आहे आणि पुढे ते येईलच. पण डोंगराळ रानांच्या बाबतीत त्या उत्तराच्या आधीचं एक पान वाचायचं राहून जातं. ते पान शिकारीचं आहे. ऐकताना हे विचित्र वाटेल, कारण आपल्याकडे गिधाडाची शिकार सहसा कुणी करत नाही. त्याचं मांस आवडीनं खावं असं नाही, पिसं मोराची नाहीत, त्याला मारण्यात मर्दुमकी नाही. रानातल्या इतर प्राण्यांना माणसाच्या हत्याराची जी भीती, ती याला नसायला हवी. तरीही शिकारीनं जगभर गिधाडांची जितकी हानी केली, तितकी फार थोड्या पक्ष्यांची केली असेल. गिधाड दुसऱ्याच्या मरणावर जगतं. तो दुसरा कसा मेला, त्याच्या अंगात काय राहिलं आणि मेल्यावर तो रानात राहिला की नाही, या तीन गोष्टींवर गिधाडाचं जगणं टांगलेलं असतं. शिकारीचा संबंध या तिन्हींशी येतो.

आधी पक्षी समजून घेऊ. आपल्या रानांत मुख्यतः चार गिधाडं ओळखीची. पांढऱ्या पाठीचं गिधाड उंच झाडांवर घरटी करतं, तर लांब चोचीचं कड्याकपारींत. लाल मुंडीचं राजगिधाड एकटंदुकटं वावरतं. चौथं इजिप्शियन किंवा पांढरं गिधाड, घारीहून जरासंच मोठं, पिवळ्या चेहऱ्याचं. ते मोठ्या गिधाडांचं झाल्यावर उरलंसुरलं वेचतं. पहिली तीन आज अतिसंकटग्रस्त यादीत आहेत आणि चौथं संकटग्रस्त. पहिली दोन थव्यानं जेवतात. आभाळात ती एकमेकांपासून मैल-मैल अंतरावर असतात, पण प्रत्येकाचा एक डोळा जमिनीवर आणि दुसरा शेजाऱ्यावर असतो. एक खाली झेपावलं की शेजारचं वळतं, त्याला पाहून त्याच्या पलीकडचं. घटकाभरात पन्नास-शंभर पक्षी एका मढ्यावर जमतात आणि बैलाचा सांगाडा व्हायला तासभरही लागत नाही. पोटातलं आम्ल इतकं तीव्र असतं की फाशीसारख्या म्हणजे अँथ्रॅक्सच्या रोगानं मेलेलं जनावरही त्यांना पचतं. गाव साफ ठेवणारी याहून चांगली व्यवस्था माणसाला अजून उभारता आलेली नाही.

या व्यवस्थेचे दोन कच्चे दुवे आहेत आणि पुढचं सगळं समजायला ते लक्षात ठेवायला हवेत. पहिला म्हणजे एका ताटात शंभर जण जेवतात, त्यामुळे एक ताट बिघडलं की शंभर जण जातात. दुसरा म्हणजे मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं लागतात. कोंबडीसारखी भरपाई गिधाडाला जमत नाही. एका दुपारी मेलेला थवा भरून यायला पिढी जावी लागते.

आता इथल्या, म्हणजे खानदेशातल्या, शिकारीचा इतिहास. १८२५मध्ये लेफ्टनंट जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं धरणगावला भिल्लांची पलटण उभी केली. डोंगरात शिरून लढणाऱ्या भिल्लांना वश करायला त्यानं एक मार्ग वापरला तो शिकारीचा. वाघाच्या मागावर तो त्यांच्याबरोबर रानं तुडवायचा. १८२५ ते १८३४ या काळात १९१ वाघांच्या शिकारीत तो हजर होता, असा आकडा त्याच्या चरित्रात येतो. एका अधिकाऱ्याचा, एका प्रांतातला, दहा वर्षांतला हा हिशेब. पुढे शंभर वर्षं साहेबांनी आणि संस्थानिकांनी तेच केलं. सांबर, चितळ, नीलगाय यांना तर मोजण्याचीही तसदी कुणी घेतली नाही.

वाघ मेला तर गिधाडाचं काय बिघडलं? बिघडलं ते असं, की वाघ-बिबटे हे गिधाडांचे खाटीक. रोगानं किंवा म्हातारपणानं मेलेलं जनावर कधी सापडेल याचा भरवसा नसतो, पण वाघ दर आठवड्याला काहीतरी मारतोच. सांबराचं जाड कातडं फाडून तो पोट उघडं करतो आणि भूक भागली की बरंच मागे ठेवून जातो. वाघ, त्याचं भक्ष्य आणि गिधाड ही रानातली एक साखळी होती. माणसानं शिकार केली की मात्र जनावर रानात राहत नाही. मांस, कातडं, शिंगं सगळं गावात किंवा बंगल्यावर जातं. ज्या सांबरावर चाळीस गिधाडं जेवली असती, ते रानातून गिधाडांपुरतं नाहीसं होतं. शिकारीनं रानं रिकामी झाली असं आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यासमोर वाघ-हरणं येतात. मढीही गेली, हे ध्यानात येत नाही.

म्हणून नवापूरच्या किंवा डांगच्या डोंगरातलं गिधाड हळूहळू रानाकडून गावाकडे वळलं. रानात मेलेलं हरीण मिळेना, तेव्हा गावाबाहेर टाकलेली गाय-म्हैस हाच त्याचा आधार झाला. हे मी अनुमानानं लिहितो आहे, पण त्याला बळ देणारं उदाहरण आपल्याच देशात आहे. तामिळनाडूत निलगिरीच्या पायथ्याशी मोयार नदीचं खोरं आहे. मुदुमलै आणि सत्यमंगलम या व्याघ्र प्रकल्पांच्या कुशीत, वाघानं मारलेल्या सांबर-चितळांवर जगणारी गिधाडं तिथे तग धरून राहिली. त्यांच्या ताटात रानातलं मांस होतं, म्हणून औषधाची लाट आली तेव्हा ती वाचली. आपल्या डोंगरांतल्या गिधाडांच्या ताटात गाईम्हशीच उरल्या होत्या.

ती लाट नव्वदच्या दशकात आली. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक जनावरांना सर्रास टोचलं जाऊ लागलं. सुजलेला पाय, दुखरी कास, अडलेली म्हैस, प्रत्येकावर तेच स्वस्त इंजेक्शन. औषध दिल्यावर लवकरच जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर त्यांची मूत्रपिंडं निकामी होत आणि काही दिवसांत आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर चढून ती मरत. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४मध्ये पाकिस्तानातल्या गिधाडांवरून कारण सिद्ध केलं आणि मे २००६मध्ये भारत सरकारनं जनावरांच्या डायक्लोफिनॅकवर बंदीचं पाऊल उचललं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत नवापूरचं नाव देशभर झालं होतं. भारतातली बर्ड फ्लूची पहिली साथ इथल्या पोल्ट्री फार्मांत आली, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, पांढऱ्या पोशाखातली माणसं रोज वर्तमानपत्रांत दिसत होती. पाळलेला पक्षी मेला की पंचनामा होतो, नुकसानीचा हिशेब होतो. वरच्या आभाळातून एक अख्खी जात नाहीशी झाली, तिचा पंचनामा कुणी केला नव्हता. नवापूरचं नाव ऐकलं की मला या दोन गोष्टी एकदम आठवतात आणि दर वेळी खंत वाटते.

डायक्लोफिनॅकच्या संशोधनातला एक निष्कर्ष शिकारीच्या विषयाला थेट भिडतो. एवढा मोठा ऱ्हास होण्यासाठी किती मेलेल्या जनावरांत औषध असावं लागेल, याचं गणित शास्त्रज्ञांनी मांडलं. उत्तर आलं, शंभरातल्या एकाहूनही कमी. कारण तेच, एक ताट आणि शंभर जेवणारे. मग औषधाऐवजी त्या ताटात विष असेल तर?

रानातलं विष शिकारीच्या वाटेनं येतं. कधी वाघ-बिबट्याचं कातडं हवं म्हणून त्याच्या भक्ष्यावर विष टाकलं जातं. त्याहून जास्त वेळा ते रागापोटी टाकलं जातं. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा या भागांत बिबट्या डोंगरात आहे आणि उसातही आहे. गोठ्यातली गाय गेली की घराचं दूध जातं, कर्ज मात्र राहतं. अशा वेळी शेतात वापरायचं दाणेदार कीटकनाशक घरात असतंच आणि ते अर्धवट खाल्लेल्या मढ्यावर टाकायला पाच मिनिटं लागतात. बिबट्या रात्री परत येईल या हिशेबानं ते टाकलेलं असतं. पण दिवस आधी उजाडतो आणि दिवस गिधाडांचा असतो. मार्च २०२२मध्ये आसामच्या कामरूप जिल्ह्यात, छयगावजवळ, शेळ्यांना त्रास देणाऱ्या प्राण्यांसाठी मेलेल्या शेळीवर विष टाकलं होतं. त्या एका शेळीनं ९७ गिधाडं मेली. बहुतेक हिमालयातून हिवाळ्यापुरती खाली आलेली होती आणि परतीच्या वाटेला लागायची होती.

आफ्रिकेत तर गिधाडांनाच लक्ष्य करून विष टाकलं जातं, आणि त्यामागचं कारण चिंचपाड्याच्या गुराख्याला चटकन कळेल. हस्तिदंतासाठी हत्ती मारला की वर गिधाडं घिरट्या घालू लागतात आणि वनरक्षकांना जागा कळते. चोरट्यांना पळून जायला वेळ हवा असतो. म्हणून दात कापून घेतल्यावर ते हत्तीच्या मढ्यातच विष कालवतात, म्हणजे पुढच्या वेळी आभाळातून चहाडी करायला कुणी उरू नये. जून २०१९मध्ये बोत्स्वानात मारलेल्या तीन हत्तींपाशी ५३७ गिधाडं मरून पडलेली सापडली. हरवलेलं गुरू दाखवणारी पक्ष्याची हीच खूण तिथे त्याच्या जिवावर उठली.

विषाहून हळू चालणारी दुसरी वाट शिशाची. इथे थोडं थांबून हत्यारांचा विचार करावासा वाटतो. भिल्लाचं पारंपरिक हत्यार तीरकामठा. बाणाचं टोक लोखंडी, दांडी बांबूची. बाण लागला की तो काढून घेतात, टोक पुन्हा वापरतात. जनावर जखमी होऊन निसटलं आणि चार दिवसांनी दरीत मेलं, तरी त्या लोखंडानं गिधाडाला काही होत नाही. शिकार झाली, जीव गेला, पण मढं स्वच्छ राहिलं. औट्रमच्या पलटणीनं याच डोंगरातल्या हातांत बंदूक दिली. बंदुकीबरोबर शिसं आलं.

शिशाची गोळी हाडावर आदळली की फुटते आणि तिचे मोहरीहूनही बारीक कण मांसात दूरवर पसरतात. शिकारी आतडी-कोथळा काढून रानात टाकतो आणि बाकीचं घेऊन जातो, म्हणजे गिधाडासाठी उरतं ते नेमकं तेच. अमेरिकेत २००६च्या एका अभ्यासात गोळीनं मारलेल्या हरणांच्या आतड्यांचे २० ढीग क्ष-किरणांखाली पाहिले, त्यांतल्या १८मध्ये शिशाचे कण होते. जे तीव्र आम्ल गिधाडाला रोगजंतूंपासून वाचवतं, तेच आम्ल शिसं विरघळवतं. ते रक्तात जातं, मज्जातंतू निकामी करतं आणि अन्ननलिकेची हालचाल थांबवतं. गळ्यापाशी अन्नाची पिशवी भरलेली असते, ते खाली सरकत नाही आणि भरल्या पिशवीनं पक्षी उपाशी मरतो. कॅलिफोर्नियाचा काँडोर, जगातल्या सर्वांत मोठ्या उडणाऱ्या पक्ष्यांपैकी एक, असाच संपत आला. १९८७मध्ये रानातला शेवटचा काँडोर पकडून पिंजऱ्यात आणला तेव्हा सगळे मिळून २७ पक्षी उरले होते. पैदास करून, परत सोडून आज ते पाचशेच्या वर गेले आहेत. तरी रानात सोडलेल्या काँडोरांना पकडून त्यांच्या रक्तातलं शिसं वेळोवेळी तपासावं लागतं आणि ते औषधानं उतरवावं लागतं. कॅलिफोर्निया राज्यानं अखेर १ जुलै २०१९पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली. शिकार तिथे आजही कायदेशीर आहे, फक्त गोळी शिशाऐवजी तांब्यासारख्या दुसऱ्या धातूची वापरायची.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आणि त्याच्या १९९१च्या दुरुस्तीनं शिकारच बंद झाली. पण ठासणीच्या बंदुका डोंगरांतून गेल्या नाहीत. रानडुकरासाठी तारेचे फास लागतात, विजेचा प्रवाह सोडला जातो. चोरून केलेल्या शिकारीत जखमी जनावराचा माग शेवटपर्यंत काढला जात नाही, कारण गोळीचा आवाज झाल्यावर शिकाऱ्याला तिथून पळ काढायचा असतो. असं छर्रे पोटात घेऊन झुडपात मेलेलं डुक्कर फक्त गिधाडाला सापडतं.

मला इथे एक गोष्ट स्पष्ट म्हणायची आहे. जंगलातल्या शिकारीची चर्चा निघाली की बोट आदिवासी पाड्याकडे जातं. शिमग्याच्या दिवसांत पारध निघत असे हे खरं आहे, पोरांच्या हातात गलोल असते हेही खरं आहे. पण याच डोंगरांत वाघबारशीला वाघदेवाची पूजा होते. ज्यानं आपली गुरं नेली त्याच्याच नावानं नैवेद्य ठेवणारी ही माणसं आहेत. गिधाडांना ज्यांनी संपवलं ते शिसं, दाणेदार विष आणि इंजेक्शन, तिन्ही बाहेरच्या बाजारातून डोंगर चढून वर आली.

आणि बंदूक घेऊन आलेल्यांत विद्वानही होते. जेम्स डेव्हिडसन या इंग्रज मुलकी अधिकाऱ्यानं पश्चिम खानदेशातल्या, म्हणजे आजच्या नंदुरबार-धुळ्याकडच्या पक्ष्यांची यादी १८८०च्या दशकात प्रसिद्ध केली. त्या काळी पक्ष्याची नोंद म्हणजे गोळी घालून, पेंढा भरून संग्रहालयात पाठवलेलं कातडं. इथल्या रानपिंगळ्याचे नमुनेही त्यानं असेच जमवले. त्यानंतर हा पक्षी ११३ वर्षं कुणाला सापडला नाही. नोव्हेंबर १९९७मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांना तो शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी दिसला, तेव्हा जगभरचे पक्षितज्ज्ञ हरखले. संग्राहकाच्या बंदुकीनं ही जात संपली नव्हती, पण इतक्या विरळ पक्ष्यांतून एकेक टिपताना किती थोडे उरले आहेत याचा विचार कुणी केला नव्हता. नंदुरबारच्या डोंगरांतून एखादा पक्षी नाहीसा झाला असं ठरवण्याची घाई करू नये, हे मी या पिंगळ्याकडून शिकलो.

गिधाडांनाही पुन्हा जागा देता येते. नाशिक जिल्ह्यात तसं घडतं आहे. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं आहेत. त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूलजवळ खोरीपाड्याच्या ग्रामस्थांनी वनखात्याबरोबर गिधाडांसाठी जेवणाची जागा राखली आहे. आजूबाजूच्या गावांत नैसर्गिकरीत्या मेलेली गुरं तिथे आणून ठेवली जातात. याच जिल्ह्यात टाकेदला जटायूचं तीर्थ आहे आणि परिसरात गिधाड हा अशुभ पक्षी नाही. रायगडात फणसाड, म्हसळा, श्रीवर्धनच्या बाजूला गावकऱ्यांच्या साथीनं असंच काम झालं. गावानं ठरवलं तर हे जमतं, याचे हे पुरावे. मात्र आणून ठेवलेल्या गुरावर गिधाडांना कायमचं पोसत राहावं, हे मला पटत नाही. रानात सांबरं हवीत आणि त्यांना मारणारा वाघ-बिबट्याही हवा. हरियाणातल्या पिंजोरच्या पैदास केंद्रातली गिधाडं २०२४मध्ये पेंच आणि ताडोबा या व्याघ्र प्रकल्पांत आणली गेली, कारण तिथे ती साखळी शाबूत आहे.

पण गिधाड व्याघ्र प्रकल्पाच्या सीमा पाळत नाही. ताडोबातून सोडलेलं, पाठीवर ट्रान्समीटर लावलेलं पांढऱ्या पाठीचं एक गिधाड राज्यामागून राज्य ओलांडत सुमारे ४,००० किलोमीटर फिरून तामिळनाडूत पोचलं आणि तिथे विजेच्या तारेला लागून मेलं. एवढ्या मुलखात ते कुठल्या गावाबाहेर उतरलं असेल, कुणाच्या मेलेल्या म्हशीवर जेवलं असेल, सांगता येत नाही. म्हणून जिथे आज गिधाडं सहसा दिसत नाहीत, त्या चिंचपाड्यासारख्या ठिकाणी काय चालतं यालाही महत्त्व आहे. जनावरांच्या दवाखान्यात दुखण्यावर मेलॉक्सिकॅम वापरतात का, जे गिधाडांना सुरक्षित आहे. माणसांसाठीची डायक्लोफिनॅकची कुपी चोरून गाईला टोचली जाते का. २०१५मध्ये ती कुपी ३ मिलिलिटरपुरती लहान केली ती याचसाठी. आणि बिबट्यानं गाय मारल्यावर पुढे काय होतं.

नियम असा आहे की गाय मारल्याची खबर ४८ तासांच्या आत वनखात्याला द्यायची आणि पंचनामा होईपर्यंत मढं जागचं हलवायचं नाही. पंचनामा झाला तर भरपाई मिळते. म्हणजे खबर गेल्यापासून वनपाल येईपर्यंत ती गाय ओढ्याकाठी तशीच पडून असते. घरधनी तिच्याकडे बघत असतो, दाणेदार औषधाची पिशवी त्याच्या ओट्यावर असते आणि बिबट्या रात्री परत येणार हे त्याला ठाऊक असतं. वनपाल त्याच संध्याकाळी आला आणि मागच्या गाईचे पैसे वेळेवर मिळालेले असले, तर पिशवी ओट्यावरच राहते.